शीण आणि शुश्रूषा : कुसिनारेच्या वाटेवरून

असाध्य आजाराच्या अखेरच्या काळात रुग्ण वेदनेइतकाच थकव्याने खचतो. हा शीण झोपेने उतरत नाही. रेणापूर परिसरातील खेड्यांत असा रुग्ण बहुधा घरीच असतो आणि "उठा, दोन घास खा, म्हणजे ताकद येईल," असा आग्रह आपण मायेपोटी करतो. या आग्रहाचा विचार धम्माच्या इतिहासाच्या आधारे व्हावा, असे आम्हांस वाटते.

महापरिनिब्बानसुत्तात ८० वर्षांच्या तथागतांच्या शेवटच्या प्रवासाचे वर्णन आहे. पावा येथे चुंदाकडे भोजन झाल्यावर त्यांना रक्तातिसार झाला. कुसिनारेच्या वाटेवर, आपण थकलो आहोत असे आनंदास सांगून त्यांनी झाडाखाली चौपदरी चीवर अंथरावयास लावले व पाणी मागितले. ककुत्था नदीत स्नान केल्यावर ते आमराईत पुन्हा आडवे झाले. शालवनात पोहोचल्यावरही त्यांनी थकल्याचे सांगून शय्या मागितली. शास्त्याने आपला शीण लपविला नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे सुभद्र परिव्राजक भेटीस आला. तथागत थकले आहेत, म्हणून आनंदाने त्यास तीनदा अडविले. ते ऐकून तथागतांनीच त्यास येऊ देण्यास सांगितले. आनंदाचे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. रुग्णाची शक्ती राखणे हे शुश्रूषकाचे कर्तव्यच होय. मात्र ती कशासाठी वेचावी, हे रुग्णाने ठरवावे.

विनयपिटकातील महावग्गात, अतिसाराने पडलेल्या भिक्खूवर तथागतांनी पाणी ओतले व आनंदाने त्याचे अंग धुतले, अशी कथा आहे. शुश्रूषकाने पथ्यापथ्य जाणावे, मलमूत्राची किळस करू नये, मैत्रीभावाने सेवा करावी. रुग्णानेही आजाराची खरी स्थिती सांगावी, असे तेथे म्हटले आहे.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले. आजची उपशामक शुश्रूषा सांगते, की प्रथम रक्तक्षय, वेदना, निद्रानाश, जंतुसंसर्ग यांपैकी उपचार करता येण्याजोगे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. दिवसातील कोणत्या वेळी रुग्णाच्या अंगात त्राण असते, ते टिपून ठेवावे. झेपेल तितकीच हालचाल करू द्यावी, अंघोळ बसवून घालावी, कामांच्या मध्ये विसावा द्यावा.

म्हणून रुग्ण "थकलो" म्हणाला, तर त्यास आळस वा हट्ट समजू नये. सायंकाळी नातवाशी बोलण्याची त्याची इच्छा असेल, तर त्या दिवशी अंग नुसते पुसून घ्यावे आणि भेटीस आलेल्यांना ओसरीवरच बसवावे.