पाण्यात क्लोरीन टाकलं म्हणजे ते सुरक्षित झालं? समजून घ्या ‘रासायनिक समतोल’

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी, धायरी भागातल्या पाण्यात क्लोरीन किती, याची चर्चा सुरू झाली.

पण क्लोरीन ‘किती’ याइतकंच ते ‘कोणत्या रूपात’ आहे, हेही महत्त्वाचं असतं. ते ठरतं रासायनिक समतोलावर.

समतोल म्हणजे नेमकं काय?

लाकूड जळून राख झाली की राखेचं पुन्हा लाकूड होत नाही. काही अभिक्रिया मात्र एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल साधतो.

लकडी पुलाचं उदाहरण घ्या. समजा, दर मिनिटाला अलका चौकातून डेक्कनकडे ४० गाड्या गेल्या आणि तेवढ्याच परत आल्या. दोन्हीकडच्या गाड्यांची संख्या बदलणार नाही, पण पूल वाहताच राहील. शिवाय दोन्हीकडच्या गाड्या सारख्या असतील असंही नाही. समतोल म्हणजे ‘सगळं थांबलं’ किंवा ‘निम्मं-निम्मं झालं’ असं नव्हे.

पाण्यात काय घडतं?

क्लोरीन पाण्यात मिसळलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. त्याचे काही रेणू हायड्रोजन आयन सोडून हायपोक्लोराइट आयन बनतात, तर काही आयन पुन्हा आम्ल होतात. जंतू मारण्यात हे आम्ल हायपोक्लोराइटपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहे. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने ते जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतं.

हा समतोल पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअसला साधारण चित्र असं:

• सामू ६.५: सुमारे ९० टक्के आम्ल
• सामू ७.५: जवळपास निम्मं
• सामू ८.५: जेमतेम १० टक्के

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ६.५ ते ८.५ हा सामू चालतो. म्हणजे क्लोरीन तेवढंच असलं तरी त्याची ताकद खूप वेगळी असू शकते. नेहमीच्या मुक्त क्लोरीन चाचणीत मात्र दोन्ही रूपं एकत्रच मोजली जातात.

ले शातेलिए यांचा नियम

समतोल बिघडवला, तर अभिक्रिया तो बदल कमी करणाऱ्या दिशेने सरकते. हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ले शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडला. जंतूंशी लढताना आम्ल खर्च झालं की हायपोक्लोराइटपासून नवं आम्ल बनतं. पण हा साठा मर्यादित असतो. पाणी फारच दूषित असेल, तर तोही संपतो.

मग लक्षात काय ठेवायचं?

भारतीय मानकानुसार पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार निर्जंतुकीकरण परिणामकारक होण्यासाठी सामू ८ पेक्षा कमी हवा आणि किमान ३० मिनिटांनंतरही ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं.

म्हणून टाकीत क्लोरीन टाकून लगेच नळ सोडू नका. किमान अर्धा तास थांबा. आणि सोसायटीच्या पाण्याचा अहवाल आला, तर क्लोरीनच्या आकड्यासोबत सामूचा आकडाही नक्की पाहा.