ब्राह्मी नक्की कुठली?

मागच्या वीकेंडला अंबाजोगाईला गेलो होतो. चहा पिता पिता आबांनी (माझे आजोबा) मला अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कुण्या गावचे?" मी म्हटलं, "इथलाच की आबा." ते हसले, मीपण हसलो. आई मात्र उठून आत गेली.

डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत. शिवाय आईने ब्राह्मी सुरू केलीय. आणि गंमत म्हणजे घरात दोन ब्राह्मी निघाल्या! दुकानातून आणलेल्या पुडीत गोलसर पानं, म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. ताईने पाठवलेल्या कॅप्सूलच्या डबीवर बारीक अक्षरांत बकोपा मोनिएरी. ती पाणथळ जागी वाढणारी, जाडसर बारीक पानांची. दोन वनस्पती, नाव एकच. आमच्या हापिसात असं झालं तर बिल्डच होणार नाही :)

पुण्यात आल्यावर दोन रात्री यातच गेल्या. चरकसंहितेत बुद्धीसाठी चार 'मेध्य रसायनं' सांगितलीत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यात शंखपुष्पी सगळ्यात सरस. म्हणजे या यादीत ब्राह्मी नाहीच! ब्राह्मीचं तूप येतं ते अपस्माराच्या अध्यायात. सुश्रुतानेही दोघींचे प्रयोग वेगवेगळे दिलेत. जुन्या लोकांचा गोंधळ नव्हता, तो नंतरचा.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका आहे. ती लिहिली हेमाद्रीने, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या आपल्या हेमाडपंताने, तेराव्या शतकात. अंबाजोगाईत ज्याच्या नावाचं देऊळ आहे तो खोलेश्वर याच यादवांचा सेनापती. लहानपणी आबांचं बोट धरून मी त्या देवळात जायचो. हेमाडपंत म्हटलं की आपल्याला फक्त दगडी देवळं आठवतात. असो.

पुढे केरळात ब्राह्मी म्हणजे बकोपा राहिली आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणू लागले. प्रयोगशाळेत मात्र जास्त मान मिळाला बकोपाला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६०च्या दशकात तिच्यातली बॅकोसाइड्स वेगळी काढली, मग उंदरांवर प्रयोग केले. त्यातूनच १९९०च्या दशकात 'मेमरी प्लस' बाजारात आलं, जाहिरातीत विश्वनाथन आनंद! दहावीच्या पोरांच्या आयांनी अजून काय बघायचं?

माणसांवरच्या चाचण्याही झाल्यात. अमेरिकेत पोर्टलंडला ६५च्या वरच्या ५४ जणांवर २००८ साली छापून आलेली चाचणी आहे. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, १२ आठवडे. ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवण्यात फरक पडला. मी खुश! मग पुन्हा वाचलं. ते सगळे डिमेन्शिया नसलेले होते. आबांसारखा त्यात एकही नाही.

वनस्पतीतून खरंखुरं औषध निघालंय, नाही असं नाही. स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडातलं गॅलँटमिन १९५०च्या दशकात बल्गेरियात पुढे आलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झालं. तेही आजार बरा करत नाही, लक्षणं थोडा काळ सावरतं. उलट गिंकोचा एवढा गाजावाजा, पण तीन हजारांवर वृद्धांवरच्या मोठ्या चाचणीत (२००८) त्याने डिमेन्शिया रोखला नाही.

आबांची गोळी मेंदूतलं ॲसिटिलकोलिन टिकवते. बकोपाही तेच करू शकते असं प्रयोगशाळेतले प्रयोग सांगतात. दोन्ही एकत्र म्हणजे नाडी मंदावायची भीती. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "कॅप्सूल बंद करा, आणि हे आधी सांगायचं होतं." बरोबर आहे.

आईला हे फोनवर सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती बराच वेळ गप्प होती. पुडीतली पानं तिने आता तेलात उकळलीत, रोज रात्री आबांच्या टाळूवर घालते. त्याला डॉक्टरांची ना नाही.

परवा आबांनी फोनवर परत गाव विचारलं. म्हटलं, अंबाजोगाई.

"मंग आमच्याच इकडचे की तुम्ही," म्हणाले.