‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे

१९२९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस हातगाडी ढकलत मैदानात जायचा. गाडीत घडीची खुर्ची, उन्हासाठी छत्री आणि दोन झेंडे. चौकटीचा झेंडा फडकला की वैमानिकाला रस्ता मोकळा, लाल फडकला की थांबायचं. अमेरिकेतला पहिला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. लीग स्वतः वैमानिक होता, त्यामुळे वरून झेंडा कसा दिसतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. या भाषेत शब्द दोनच, म्हणून घोटाळाही कमी. पण संभाषण एकतर्फी. वैमानिकाला काही विचारायचं असेल तर आधी जमिनीवर उतरावं लागे.

आपल्याकडेही तीच अवस्था होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. ‘उतरू का?’ असं विचारणार कसं, आणि कुणाला?

विलायतेत आणि अमेरिकेत तोवर रेडिओ आला होता. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२३च्या सुमारास संकटाच्या हाकेसाठी ‘मेडे’ हा शब्द सुचवला. तिथली बरीचशी ये-जा पॅरिसशी होती आणि ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी तो जुळत होता. १९३० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड विमानतळाच्या नियंत्रण टॉवरमध्ये रेडिओ बसला. पण रेडिओ जड होता आणि महागही, त्यामुळे तो आधी गेला विमान कंपन्यांकडे. स्वतःचं छोटं विमान उडवणारा हौशी वैमानिक बराच काळ मुकाच राहिला. त्याच्यासाठी टॉवरवाले बंदुकीसारखा दिवा हातात धरून त्याच्यावर रोखत. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. ‘समजलं’ हे सांगायला तो पंख डोलवायचा.

मग रेडिओ सगळ्यांच्या हाती आला आणि खरी अडचण सुरू झाली. दोन झेंड्यांच्या जागी आता अख्खी भाषा आली होती.

‘रॉजर’ हा शब्द घ्या. मोर्सच्या काळात ‘निरोप मिळाला’ हे ‘आर’ या एका अक्षराने कळवत. युद्धकाळातल्या अक्षरमालेत ‘आर’साठी ‘रॉजर’ म्हणत, म्हणून निरोप पोचला की वैमानिक ‘रॉजर’ म्हणू लागले. पुढे माँट्रियलचे भाषातज्ज्ञ झाँ-पॉल विने यांच्या मदतीने नवी अक्षरमाला तयार झाली. वेगवेगळ्या देशांच्या लोकांना ऐकू येतील आणि उच्चारता येतील असे शब्द निवडले गेले, आणि १ मार्च १९५६ पासून तिचं आजचं रूप लागू झालं. तिच्यात ‘आर’साठी ‘रोमिओ’ आला, तरी ‘रॉजर’ टिकला. त्याचा अर्थ मात्र तेवढाच राहिला: तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं. ‘मान्य’ असा त्याचा अर्थ नाही आणि ‘तसं करतो’ असाही नाही. करतो म्हणायचं तर ‘विल्को’. नवशिक्यांच्या हातून इथेच चूक होते. नियंत्रकाने उंची सांगितली की ते नुसतं ‘रॉजर’ म्हणतात, आणि कोणती उंची ऐकली ते गुलदस्त्यातच राहतं. म्हणून सांगितलेला आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकायचा, असा रिवाज पडला.

शब्दांची किंमत २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या विमानतळावर कळली. ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ असं केएलएमचा वैमानिक बोलला. धावपट्टीच्या टोकाशी उभे असतील, असा नियंत्रकाने अर्थ लावला. विमान धावू लागलं होतं. थांबायला सांगणारे नियंत्रकाचे शब्द त्याच धावपट्टीवरच्या पॅन अॅमच्या विमानाच्या बोलण्यावर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती बरीचशी शिट्टी. दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

पण रिवाज पाळायला तो माहीत असावा लागतो, आणि चूक झाली तर ती कुणाला तरी सांगता यावी लागते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. विमानतळ अजून चाळीसहून अधिक मैल दूर असताना ‘अप्रोचला परवानगी’, म्हणजे उतरण्याच्या मार्गाला लागायची मुभा, मिळाली. आता १,८०० फुटांवर उतरायला हरकत नाही, असं वैमानिकांना वाटलं. उंचीची काळजी वैमानिक घेतील, असं नियंत्रकाने गृहीत धरलं. विमान माउंट वेदर डोंगरावर आदळलं आणि सगळे ९२ जण दगावले. त्याआधी सहा आठवडे दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण बाकीच्यांपर्यंत ही गोष्ट पोचवायची वाटच नव्हती.

त्या वाटेसाठी सरकारी विमान खात्याने चुका कळवण्याची योजना आधी स्वतः चालवून पाहिली. पण लायसन काढून घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याकडे कबुली द्यायला कोण जाणार? म्हणून १९७६ साली हे काम नासाकडे दिलं गेलं, कारण नासाला शिक्षा करण्याचा अधिकारच नव्हता. फॉर्मवरची नावाची पट्टी कापून, शिक्का मारून ती पाठवणाऱ्याला परत जाई. वैमानिक लिहू लागले, नियंत्रकही लिहू लागले. एकच प्रसंग टॉवरमधून कसा दिसला आणि कॉकपिटमधून कसा, हे शेजारी शेजारी ठेवून वाचता येऊ लागलं. १९७९ पासून त्यातले निवडक किस्से ‘कॉलबॅक’ नावाच्या मासिक पत्रिकेत छापून येऊ लागले.

हौशी वैमानिकाचा प्रश्न तरी वेगळा उरलाच. कंपनीचा वैमानिक रोज उडतो, हा सुट्टीच्या दिवशी. टॉवरमधून भराभर बोलणारा आवाज ऐकला की अनेकांची जीभ जड होते, आणि ते गजबजलेल्या आकाशाला वळसा घालून जाणं पसंत करतात. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी एक छोटं पायपर विमान लॉस एंजेलिसच्या नियंत्रित हद्दीत परवानगीविना शिरलं. आपली उंची कळवणारं उपकरण त्यात नव्हतं. त्याच वेळी नियंत्रक तसंच वाट चुकून आत आलेल्या दुसऱ्या छोट्या विमानाशी बोलण्यात गुंतला होता. सेरिटोस गावावर पायपर आणि एरोमेक्सिकोचं डीसी-९ एकमेकांवर आदळलं. विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५ जण ठार झाले. पुढच्या काही वर्षांत मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० सागरी मैलांत उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला, आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा आली.

भाषेचा घोटाळा आपल्याही आकाशात झाला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाक कॉकपिटचं इंग्रजी तोकडं होतं आणि १५,००० फुटांवर राहण्याचा हुकूम पाळला गेला नाही. नंतर परदेशी उड्डाणांतल्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरल्या. किमान चौथी गाठल्याशिवाय काम नाही.

यंत्रं आणि परीक्षा वाढत असताना अमेरिकेत एक साधा उपायही चालला: ‘ऑपरेशन रेनचेक’. हौशी वैमानिकांना बोलावून टॉवर आणि रडारची खोली दाखवायची. तिथे उभं राहिलं की दिसतं, आपण माइकवर अडखळत असतो तेव्हा नियंत्रकाच्या पडद्यावर आणखी किती ठिपके सरकत असतात.

आणि शिकाऊ वैमानिकांसाठी एक सूचना आहे. टॉवरशी पहिल्यांदा बोलताना विमानाच्या क्रमांकापाठोपाठ दोन शब्द जोडायचे: ‘स्टुडंट पायलट’. ते कानावर पडले की नियंत्रक जरा सावकाश बोलतो आणि सूचना तोडून तोडून देतो.