स्वमग्न मुलांमधील तोल व अंगस्थिती-नियंत्रण

उभे राहताना, बसताना, चालताना किंवा हातातले काम करताना शरीर पडू न देता हवे तसे स्थिर ठेवण्याच्या क्षमतेला अंगस्थिती-नियंत्रण म्हणतात. तोल हा तिचा उघड दिसणारा भाग. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या पुष्कळ मुलांमध्ये ही क्षमता उशिरा आणि वेगळ्या वाटेने विकसित होते. मूल बोलत नाही, नजर देत नाही, एकटेच खेळते, या गोष्टींकडे पालकांचे आणि डॉक्टरांचे लक्ष आधी जाते व तोलाची अडचण मागे पडते. तिला स्वमग्नतेच्या पहिल्याच तपासणीत स्थान मिळायला हवे, कारण ती लवकर दिसते, ओळखायला यंत्र लागत नाही आणि सरावाने काही प्रमाणात सुधारते. वाशिमसारख्या ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत.

इतिहास. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्वमग्नतेच्या अभ्यासाची सुरुवात या लेखापासून मानतात. त्यात एक बारीक नोंद आहे. आई पाळण्यातल्या बाळाला उचलायला वाकली की बाळ एरवी आधीच अंग सावरते, खांदे उचलते, उचलले जाण्याच्या तयारीत येते. या मुलांनी अशी तयारी कधी दाखवलीच नाही, असे जवळजवळ सर्व मातांनी सांगितले होते. काही मुलांची चाल बेढब आहे, बोटांची कामे मात्र ती सफाईने करतात, हेही कॅनर यांनी लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी त्यांच्याकडच्या मुलांच्या अवघडलेल्या हालचालींचे वर्णन केले. म्हणजे तोलाचा प्रश्न पहिल्या लेखापासून नोंदलेला आहे. निदानाच्या निकषांत मात्र तो आला नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत सामाजिक संवादातील अडचण आणि ठरावीक, पुनरावृत्त वर्तन हेच दोन आधार धरले आहेत. वेगळी चाल, अवघडलेपणा आणि चवड्यांवर चालणे यांचा उल्लेख ‘सोबत आढळणाऱ्या गोष्टी’ म्हणून येतो.

भारतात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी आयसा ही मोजपट्टी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. तिच्यात सहा विभाग आणि 40 बाबी आहेत. प्रत्येक बाबीला 1 ते 5 गुण, एकूण 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी तिची रचना आहे. हात फडफडवणे, गोल फिरणे अशा हालचाली तिच्यात मोजल्या जातात; तोलासाठी स्वतंत्र विभाग नाही. प्रमाणपत्र हातात पडले तरी मूल एका पायावर किती वेळ उभे राहते हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते, असे त्यामुळे सहज घडू शकते.

तोल कसा राखला जातो. मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते : डोळे, अंतर्कर्णातील तोलेंद्रिय, आणि तळपाय, स्नायू व सांधे यांतील संवेदना. लहान मूल सुरुवातीला डोळ्यांवर फार भिस्त ठेवते. साधारण 4 ते 6 वर्षे हा संक्रमणाचा काळ असतो. 7 ते 10 वर्षांच्या सुमारास तिन्ही खबरांचा मेळ प्रौढांसारखा बसू लागतो. एक खबर खोटी किंवा अपुरी ठरली तर मेंदू दुसरीवर भर देतो. अंधारात, वाळूत किंवा चालत्या बसमध्ये आपण पडत नाही ते या अदलाबदलीमुळे.

नॅन्सी मिन्श्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 5 ते 52 वर्षे वयाच्या, बौद्धिक अपंगत्व नसलेल्या 79 स्वमग्न व्यक्तींची तुलना 61 इतरांशी केली. तळपायांकडून येणारी खबर बिघडवली की स्वमग्न व्यक्तींचा तोल विशेष ढळत होता. इतर मुलांमध्ये स्थिरता पाचव्या वर्षापासून वाढत गेली. स्वमग्न मुलांमध्ये ही वाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू झाली आणि प्रौढांच्या पातळीला पोहोचलीच नाही. त्याआधी 2003 मध्ये सिंथिया मॉलॉय यांच्या छोट्या अभ्यासात डोळे बांधल्यावर स्वमग्न मुलांचे शरीर इतरांपेक्षा जास्त झुलताना दिसले होते. ही मुले नजरेच्या आधारावर अधिक विसंबतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दुसरा धागा पूर्वतयारीचा आहे आणि तो थेट कॅनर यांच्या पाळण्यातल्या बाळाशी जाऊन मिळतो. फ्रान्समध्ये क्रिस्टिना श्मिट्झ यांनी 2003 मध्ये एक साधा प्रयोग केला. मुलाच्या एका हातावर वजन ठेवायचे आणि ते त्यानेच दुसऱ्या हाताने उचलायचे. वजन उचलण्याच्या क्षणी खालचा हात वर उसळू नये म्हणून मेंदू त्या हाताचे स्नायू आधीच सैल करतो. स्वमग्न मुलांनीही हात स्थिर ठेवला, पण त्यांनी वजन सावकाश उचलले. आधी अंदाज बांधण्याऐवजी होणाऱ्या हालचालीची खबर घेत घेत त्यांनी ते साधले. जमिनीवर उभे राहून चेंडू फेकताना, दप्तर खांद्यावर घेताना किंवा भरलेली बादली उचलताना हीच पूर्वतयारी लागते. ती नसेल तर काम होते, पण हळू होते आणि मूल लवकर थकते. या अंदाज बांधण्याच्या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. मार्गारेट बाउमन आणि टॉमस केम्पर यांनी 1985 पासून स्वमग्न व्यक्तींच्या मरणोत्तर तपासणीत लहान मेंदूतील पुरकिंजे पेशी कमी असल्याचे दाखवले. एवढ्या एकाच कारणावर सारा प्रश्न टाकता येत नाही, तरी दुवा भक्कम आहे.

किती मुलांमध्ये. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या अंजना भट यांनी 2020 मध्ये हजारो स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या. त्यांपैकी सुमारे 87 टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयात अडचण असण्याचा धोका आढळला. फिजिओथेरपी मात्र त्यांतील जेमतेम एकतृतीयांश मुलांना मिळत होती. श्रीमंत देशातली ही स्थिती आहे. भारतात 2 ते 9 वर्षे वयाच्या मुलांमधील विकासविषयक विकारांचा मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा होते, महाराष्ट्रातला एकही जिल्हा नव्हता. 2011 च्या जनगणनेत अपंगत्वाच्या रकान्यांत स्वमग्नता हा वेगळा रकाना नव्हता. 11,97,160 लोकसंख्येच्या वाशिम जिल्ह्यात त्या गणनेतून स्वमग्न मुलांची संख्या काढताच येत नाही.

लक्षणे. सर्वांत लवकरची खूण मानेची. सहा महिन्यांच्या बाळाला उताणे ठेवून हात धरून हळू बसते केले की डोके अंगाबरोबर यायला हवे. थोरल्या भावंडाला स्वमग्नता असलेल्या बाळांत ते मागे लोंबकळत राहण्याचे प्रमाण अधिक असते, असे रिबेका लांडा यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवले. अशा प्रत्येक बाळाला स्वमग्नता असते असे नाही. पण त्याच्यावर लक्ष ठेवावे.

मोठ्या मुलांच्या खुणा घरात आणि शाळेत दिसतात. उंबरा ओलांडताना मूल दरवेळी चौकट धरते. एसटीच्या उंच पायरीवर दोन्ही हातांनी चढते व उतरताना थबकते. घरात बरे चालणारे मूल वावरात, नांगरटीच्या ढेकळांत किंवा पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात पाऊल टाकायला नकार देते; इथे तळपायांची खबर बिघडलेली असते, हट्ट हे कारण नसते. पोषण आहाराच्या पंगतीत मांडी घालून बसले की पाठीचा बाक काढते, भिंत शोधते किंवा पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून बसते, कारण त्या बैठकीत बूड रुंद होते व तोल सांभाळायचे कष्ट वाचतात. शौचालयात उकिडवे बसणे जमत नाही आणि शौचाची सवय लागत नाही म्हणून मूल बोलणी खाते. परिपाठाच्या वेळी ओळीत निश्चल उभे राहणे तर सर्वांत अवघड. मूल झुलते, शेजाऱ्याला टेकते, चवड्यांवर होते, आणि शिक्षकांना ती खोडी वाटते. लंगडीच्या खेळात ते दोन उड्यांत पाय टेकते आणि बाद होते. पुढच्या वेळी खेळायलाच जात नाही. मूल मुलांत मिसळत नाही याचे एक कारण इथेही असू शकते, आणि माझ्या मते ते पुरेसे विचारात घेतले जात नाही.

तपासणी. मोठ्या केंद्रांत दाबमापक फळीवर मुलाला उभे करून शरीराचे झुलणे मोजतात. फिजिओथेरपिस्ट 14 कृतींची आणि 56 गुणांची बालतोल मोजपट्टी वापरतात. पहिल्या चाळणीला मात्र सपाट फरशी, खडूची एक रेघ आणि घडी केलेली जाड गोधडी पुरते. रेघेवर टाचेला चवडा लावून चालणे, डोळे उघडे व मिटून उभे राहणे, तेच गोधडीवर करणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, आणि एका पायावर उभे राहणे, एवढ्या कृती पाहाव्यात. पाच-सहा वर्षांचे मूल एका पायावर सुमारे 10 सेकंद उभे राहते.

यात एक दक्षता हवी. स्वमग्न मुलाला तोंडी सूचना कळली नाही तर ते पाय उचलत नाही आणि तपासणारा ‘तोल नाही’ असे लिहून मोकळा होतो. म्हणून कृती स्वतः करून दाखवावी, शक्य तर भावंडाकडून करून घ्यावी. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर घरची बोली बंजारा असते. तिथे मराठीतली सूचना मुलाला दुप्पट परकी ठरते. डोळे मिटायला लावणे किंवा पट्टी बांधणे काही मुलांना मुळीच सहन होत नाही, तेव्हा ती कृती सोडून द्यावी.

तोल जाण्याची इतर कारणे आधी पाहणे आवश्यक आहे. कानाचा जुना आजार, दृष्टिदोष, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, फेनिटॉइनसारखे फिटचे औषध जास्त होणे, यांमुळेही मूल डळमळते. मांडीवर हात टेकत टेकत उठणाऱ्या आणि वरचेवर पडणाऱ्या मुलग्यात स्नायुक्षयाचा आजार, तर येत असलेले चालणे व हातांची कामे गमावणाऱ्या मुलीत रेट विकार तपासावा लागतो. जमलेली गोष्ट जाऊ लागली तर विलंब न करता मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.

उपचार व सराव. विस्कॉन्सिनमध्ये 7 ते 17 वर्षांच्या 29 स्वमग्न मुलांना पडद्यावरील खेळातून सहा आठवडे तोलाचा सराव दिला गेला आणि त्यांचा तोल सुधारला. हा अभ्यास 2018 चा. तायक्वांदो, पोहणे, योगासने यांचेही छोटे अभ्यास अनुकूल आहेत. अभ्यास लहान आहेत हे खरे, पण अशा सरावात धोका नगण्य आणि खर्च नाममात्र असल्याने तो सुरू करायला कोणी अडू नये. जीन आयर्स यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या संवेदन-समन्वय उपचारात झोका आणि फळीचा वापर होतो. गावात वृक्षासन आणि ताडासन, शेताच्या बांधावरून हात धरून चालणे, पाण्याचा अर्धा भरलेला तांब्या न सांडता नेणे, हात धरून लंगडी घालणे, हे सारे त्याच कामाचे आहे. रोज थोडे, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या क्रमाने करावे. क्रम ठाऊक असला की स्वमग्न मूल निर्धास्त राहते. बसताना पाय जमिनीला टेकतील अशी बैठक, शौचासाठी पकडायला दांडी आणि परिपाठाला भिंतीजवळची जागा, या तीन सोयी शाळेला आजही देता येतात. मूलपेशींच्या उपचाराने चालणे-बोलणे सुधारते अशा जाहिरातींना भुलून कुणी शेत गहाण टाकू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाकारली आहे.

वाशिम जिल्हा आणि सोयी. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. मुलांच्या तपासणीचे मुख्य साधन म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची देशातली सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये झाली. फिरती पथके अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासतात, व गरजेनुसार जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. या कार्यक्रमाच्या यादीत हालचालींतील विलंब ही एक बाब आहे आणि स्वमग्नता ही दुसरी. एकाच मुलात दोन्ही असू शकतात याची आठवण यादी करून देत नाही; ती पथकालाच ठेवावी लागते. अधिक तपासणीसाठी आजवर अकोला किंवा नागपूर गाठावे लागे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आहे. तिथे बालविकासाचा बाह्यरुग्ण विभाग आणि फिजिओथेरपिस्ट एकाच दिवशी, एकाच छताखाली मिळाले तर रिसोड किंवा कारंज्याच्या मजुराची एक मजुरी वाचेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये स्वमग्नता हे 21 अपंगत्वांपैकी एक आहे आणि 40 टक्क्यांपासून पुढे सवलती लागू होतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्यात थेरपीचा खर्चही बसतो.

तपासणीला जाताना पालकांनी मूल चालताना, पायरी चढताना आणि खाली बसून उठताना मोबाइलवर चित्रित करून न्यावे. दवाखान्यात घाबरलेले मूल या गोष्टी करून दाखवत नाही. अंगणवाडी सेविका आणि पथकातील डॉक्टरांनी स्वमग्नतेचा संशय असलेल्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर एका पायावरचे सेकंद लिहावेत, आणि बोलणे येईपर्यंत फिजिओथेरपीची चिठ्ठी थांबवून ठेवू नये.