भरपाईचा रकाना

नुकसानभरपाई हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. धरणात जमीन गेली, गारपिटीत पीक गेले की तो तलाठ्याच्या दप्तरात उमटतो. पण न केलेल्या गुन्ह्यापायी आयुष्य तुरुंगात गेले तर? त्यासाठी दप्तरात रकानाच नाही. तो कधी होता का, हे मी शोधू लागलो.

बिहारमधील एक कैदी १९६८ साली कोर्टातून निर्दोष सुटला. मुझफ्फरपूरच्या तुरुंगाने त्याला सोडले १९८२ साली. पुढच्या वर्षी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कलम ३२ खाली त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले. हे तेच कलम, ज्याला बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा आत्मा म्हटले होते. वाट उघडली खरी. पण चौदा वर्षांचा हिशेब मांडला तर दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत.

त्याच्यावर निदान गुन्हेगाराचा शिक्का नव्हता. ज्यांच्यावर कोर्टानेच तो मारला, त्यांचे काय? आपल्याच जालना जिल्ह्यात, भोकरदनला, २००३ साली दरोडा, खून आणि बलात्कार झाला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. ती गोष्ट दडपली गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा हुकूम महाराष्ट्र सरकारला केला. सोळा वर्षांचे ५ लाख म्हणजे दिवसाला सुमारे ८६ रुपये!

१८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पोलिसांच्या नजरेतून तो गेला काय?

१९७९ साली नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना भारत सरकारने बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क बाजूला ठेवला. २०१८ साली विधी आयोगाने अशा भरपाईसाठी कायदा सुचविला. २०२३ साली नवी फौजदारी संहिता आली. ती सूचना तिच्यात नाही.

म्हणून मी म्हणतो, हे ५ लाख घ्यावेत, पण उपकार म्हणून घेऊ नयेत. न्यायाधीशाला वाटले तर मिळते आणि न वाटले तर मिळत नाही, त्याला हक्क म्हणत नाहीत. गावकीच्या उंबऱ्याबाहेर हात पसरून उभे राहणाऱ्या आपल्या बापजाद्यांना हा फरक कुणी शिकवावा लागला नव्हता.