परळची चाळ आणि कायद्याचे शिक्षण

मुंबईतील कायद्याच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ १८५५ साली झाला. माजी मुख्य न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ एल्फिन्स्टन संस्थेत न्यायशास्त्राचे, म्हणजे कायद्याच्या मूलतत्त्वांचा विचार करणाऱ्या शास्त्राचे, अध्यासन स्थापन झाले आणि त्यातूनच पुढे शासकीय विधी महाविद्यालय आकाराला आले. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर या अभ्यासाला पदवीची मान्यता मिळत गेली. तरी वकिलीची वाट दीर्घकाळ मुख्यतः सुस्थित, उच्चवर्णीय कुटुंबांतील तरुणांनाच सुलभ राहिली.

या पार्श्वभूमीवर, परळच्या कामगारवस्तीतील बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत अनेक वर्षे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली याच महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १९३५ साली प्राचार्यपदी आले, ही घटना केवळ वैयक्तिक यशाची नव्हती, तर ज्यांना शिक्षणच नाकारले गेले होते त्यांच्यापैकी एकाने कायद्याच्या शिक्षणाची धुरा हाती घेतल्याची होती. दादरच्या ‘राजगृह’ या निवासस्थानी त्यांनी जमवलेला ग्रंथसंग्रह त्यांच्या ज्ञाननिष्ठेची साक्ष देतो. त्यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. कायद्याचे शिक्षण श्रमिकांच्या मुलांपर्यंत पोहोचवणे हे या परंपरेचे खरे मोल असून, ते जपणे हे आजच्या विधी महाविद्यालयांचे कर्तव्य आहे.