डालड्याच्या पाकपुस्तिका : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दफ्तरें, बखरी, शकावल्या व ताम्रपट यांकडेच संशोधकांची दृष्टि जाते. एखाद्या कंपनीनें आपला माल खपविण्यासाठीं छापलेली पाकपुस्तिका कोणी रुमालांत बांधून ठेवीत नाहीं. परंतु अशा कागदांचीहि साधन म्हणून योग्यता आहे, असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल डालड्याचें प्रकरण येथें घेतों.

निकेलच्या साह्यानें तेलाशीं हायड्रोजन वायूचा संयोग घडवून तें घट्ट करण्याची कृति विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत सिद्ध झाली. अमेरिकेंत १९११ सालीं ‘क्रिस्को’ नांवाचा असा पदार्थ विक्रीस निघाला, आणि त्यापाठोपाठ त्याच्या पाककृतींचीं पुस्तकेंहि निघालीं. त्यांपैकीं एकांत ६१५ कृति आहेत. यहुदी लोक चार हजार वर्षें याच पदार्थाची वाट पाहत होते, असें एका यहुदी धर्मगुरूचें मत विक्रेत्यांनीं मोठ्या अभिमानानें छापलें आहे. वाचून हंसूं येतें. परंतु त्या धर्मांत डुकराची चरबी वर्ज्य व मांसाबरोबर लोणीहि निषिद्ध, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या अतिशयोक्तीचा हेतु कळतो.

इकडे १९३१ सालीं हिंदुस्थान वनस्पति मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली व १९३७ सालीं ‘डालडा’ बाजारांत आला. हॉलंडहून माल आणणाऱ्या ‘दादा’ कंपनीच्या नांवांत लिव्हरचें आद्याक्षर घालून हें नांव बनलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९३९ च्या सुमारास डब्याच्या आकाराची मोटार फिरवून, चित्रपट दाखवून व रस्त्यावर पदार्थ तळून लोकांस चाखावयास देऊन त्याचा प्रसार करण्यांत आला. पुढें गृहिणींस सल्ला देणारें खातें व पाकपुस्तक हींहि आलीं.

या साहित्याचा उपयोग बखरीप्रमाणेंच जपून केला पाहिजे. बखरकार आश्रयदात्याची बाजू मांडतो, तसा पाकपुस्तिकेचा लेखक कंपनीची. तींत करंज्या डालड्यांत तळाव्या असें लिहिलें, म्हणून त्या घरोघर तशा तळल्या जात होत्या, असें सिद्ध होत नाहीं. परंतु जाहिरातदार जी गोष्ट पुनःपुन्हां ठासून सांगतो, तिजविषयींच लोकांस शंका होती, असें अनुमान निघतें. सीलबंद डबा, शुद्धता, जीवनसत्त्वें यांचा घोष डालड्याच्या जाहिरातींत अखंड चालतो. ही शंका स्वतंत्र पुराव्यानेंहि सिद्ध आहे. १९५० च्या सुमारास वनस्पतीवर बंदी घालण्याचें विधेयक संसदेपुढें आलें होतें. आणि तुपांतील भेसळ ओळखतां यावी म्हणून वनस्पतींत शेंकडा ५ तिळाचें तेल घालणें सक्तीचें झालें, कारण त्यायोगें रासायनिक परीक्षेंत लाल रंग उमटतो. परस्परविरुद्ध पक्षांचीं साधनें येथें एकमेकांस दुजोरा देतात.

मिती नसलेल्या पुस्तिकेचा काळ अंतर्गत पुराव्यानें ठरवावा. ‘नवे पैसे’ असतील तर ती एप्रिल १९५७ पूर्वींची नव्हे. ‘नवे’ हें विशेषण १९६४ सालीं गळालें. पत्त्यांत पिनकोड असेल तर ती ऑगस्ट १९७२ नंतरची. शेर, छटाक व तोळे यांवर मात्र विसंबूं नये. दशमान वजनें १९५८ पासून क्रमाक्रमानें आलीं खरीं. परंतु जुना मजकूर पुनर्मुद्रणांत तसाच राहणें संभवनीय आहे. शिवाय मुंबईचा शेर ८० तोळ्यांच्या शेराहून लहान, हेंहि विसरूं नये.

पिवळ्या डब्यावरील हिरवें ताडाचें झाड पुष्कळांनीं पाहिलें आहे. डबा रिकामा झाल्यावर धान्यास, तुळशीस उपयोगी पडला, म्हणून टिकला. कागद मात्र रद्दींत गेले. संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अशी पुस्तिका हातीं आल्यास किंमत, छापखाना व पत्ता यांची नोंद करावी, तेलाच्या डागांमुळें ती टाकूं नये, आणि समासांतील हस्ताक्षर तर अवश्य उतरून घ्यावें. छापील मजकुरांत सर्वत्र कंपनीच बोलते. पेन्सिलीनें खोडलेलें एखादें प्रमाण किंवा बदललेला एखादा जिन्नस एवढ्याच जागीं स्वयंपाक करणारीचें म्हणणें आपल्या कानीं येण्याचा संभव आहे.